पिवळ्याखालचं लाल

ड्रॉइंग तपासणाऱ्याच्या हातात दोन रंगीत पेन्सिली असायच्या. जे बरोबर ते पिवळ्याने रंगवायचं, जे चुकलं त्यावर लाल खूण करायची. प्रत्येक माप, प्रत्येक बाण, प्रत्येक अक्षर यांपैकी एका रंगात आल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. हे काम मी इतकी वर्षं केलं, की अजूनही बायकोने लिहिलेली वाण्याची यादी वाचताना माझी बोटं पिवळी पेन्सिल शोधतात.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी पुण्याहून कुवेतला गेलो, ड्राफ्ट्समन म्हणून. ऑफिस शहरातल्या मिरकाब भागात, तिसऱ्या मजल्यावर. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत लागणारे पाइपांचे आधार, पंपांच्या बैठका, शिड्या, कठडे असली ड्रॉइंगं आम्ही काढत असू. मुख्य इंजिनिअर इजिप्तचा होता. त्याला सगळे ‘बाशमुहंदिस’ म्हणत, म्हणजे मोठे इंजिनिअरसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्याला चांगलं अक्षर दिसलं की तो बाकी सगळं विसरायचा.

आणि ऑफिसात चांगलं अक्षर माझं होतं. ड्रॉइंगांच्या प्रत्येक गठ्ठ्यात पहिला कागद खुणांचा असतो. व्यासाची खूण कोणती, वेल्डिंगची कोणती, व्हॉल्व्ह कसा दाखवायचा, ‘टी-वाय-पी’ लिहिलं की ‘सगळीकडे असंच’ समजायचं, ‘एन-टी-एस’ म्हणजे हे चित्र मापात काढलेलं नाही. तो कागद मी काढला होता. बाशमुहंदिसने त्याची प्रिंट भिंतीवर लावली होती आणि नवा माणूस आला की त्याला आधी तिच्यासमोर उभं करायचा. अशा वेळी मी मान खाली घालून काम करत असल्याचं सोंग करायचो.

पाचेक वर्षांनी नाशिकचा एक जण आला. मी त्याला नाशिककरच म्हणायचो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, अंगाने किरकोळ, हसरा. पहिल्याच दिवशी त्याने एक बाण काढला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. एवढासा बाण, मापाच्या रेषेच्या टोकाचा, पण टोक अगदी हवं तसं, बारीक आणि भरीव. अक्षरं तर अशी, की छापली आहेत असं वाटावं. स्टेन्सिलशिवाय! मी ते पाहिलं आणि म्हणालो, “बरं आहे. जरा हळू होतं वाटतं तुझं?” ते हळू होत नव्हतं.

त्याची बायको सरकारी इस्पितळात नर्स होती. तीच आधी कुवेतला आली आणि हा तिच्यामागून. त्यावरून मी त्याच्यामागे बरंच काही बोलून घेतलं, पण दुपारी त्याचा डबा उघडला की माझी जीभ आत जायची. मी दोन मल्याळी सोबत्यांबरोबर खोलीत राहत होतो. आळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि सगळ्यांचा सारखाच बिघडायचा. नाशिककर थालीपिठाचं अर्धं तोडून माझ्या ताटलीत ठेवायचा. “घ्या दादा, वहिनींच्या हातचं नाही मिळत तर हे तरी.” मी ते खायचो आणि दर घासाला त्याचा राग राग करायचो.

कारण माझी बायको पुण्यात होती. लग्नानंतर दोन महिने एकत्र राहिलो, मग दर दोन वर्षांनी एक सुट्टी. तिला आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा, आणि आमच्या कंपनीत त्यासाठीचं पत्र फक्त सीनियर ड्राफ्ट्समनला मिळे. ती जागा रिकामी होणार होती. बायको प्रत्येक पत्रात व्हिसाचं विचारायची. त्या वर्षीच्या एका पत्रात तिने लिहिलं, ‘आता व्हिसाचं विचारणार नाही. सासूबाईंची तब्येत बरी आहे.’ ते पत्र मी दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवलं.

त्याच आठवड्यात बाशमुहंदिसने नाशिककरला खुणांचा कागद नव्याने काढायला सांगितला. काही खुणा वाढल्या होत्या हे खरं, पण त्या मीही घातल्या असत्या. नवी प्रिंट भिंतीवर लागली, माझी उतरली. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी त्या कागदासमोर उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चूक शोधली. एकही नव्हती. एक सापडली असती तरी मला बरं वाटलं असतं.

चूक महिन्याभराने सापडली.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. वस्तूकडे डावीकडून पाहिल्यावर जी बाजू दिसते, ती कागदावर कुठे काढायची याच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे आम्हाला शिकवलं ते असं, की डावीकडून दिसलेलं उजवीकडे काढायचं. कुवेतमधल्या आमच्या कंपनीत अमेरिकन पद्धत होती, डावीकडून दिसलेलं डावीकडेच. कागदाच्या कोपऱ्यात त्याची खूण आधीच छापलेली असे: आडवा निमुळता पेला आणि त्याच्या बाजूला एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं पेल्याच्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहून वर्कशॉपवाला ड्रॉइंग वाचायचा. आमच्यासारखे, इकडे शिकून तिकडे गेलेले, कामाच्या घाईत कधीतरी जुन्या सवयीवर जायचे. मीही सुरुवातीला गेलो होतो.

नाशिककरने एका पाइपच्या आधाराचं ड्रॉइंग जुन्या सवयीने काढलं. कोपऱ्यात खूण छापलेली अमेरिकन पद्धतीची, आकृती मात्र आपल्याकडच्या पद्धतीने. तसं बनवलं असतं तर आरशात दिसतो तसा उलटा आधार तयार झाला असता. एकमेकांची ड्रॉइंगं आम्हीच तपासत असू; त्याची प्रिंट माझ्याकडे आली. मला ते लगेच दिसलं. मी लाल पेन्सिल उचलून त्या आकृतीवर खूण केली.

मग मी थांबलो. समोर त्याची ती सुरेख अक्षरं होती. मी खोडरबर घेतलं, लाल पुसलं आणि त्यावर पिवळं फिरवलं. लाल पेन्सिल पूर्ण पुसली जात नाही, पण मी जोर देऊन पिवळं भरलं. प्रिंटवर आणि मूळ ड्रॉइंगवरही ‘तपासले’च्या चौकटीत सही केली. तपासणाऱ्यालाही जाब विचारतात हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला फक्त त्याची चूक हवी होती, भिंतीवर लावावी एवढी मोठी. प्रिंट मी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “छान आहे. काही नाही यात.” तो खूश झाला.

आधार उलटेच बनले. मीना अब्दुल्लाच्या साइटवर ते पाइपाला लागेनात. बाशमुहंदिसने आम्हा दोघांना समोर उभं केलं. आधी त्याने माझ्या सहीवर बोट ठेवलं. “हे तू तपासलंस?” मी मान हलवली. मग तो नाशिककरकडे वळला. “तपासलेली प्रिंट आण.”

तपासलेली प्रिंट ज्याची त्याच्या खणात असे. नाशिककर गेला. काचेतून मला तो दिसत होता. त्याने खण उघडला, प्रिंट काढली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, संपलं. जागा गेली, व्हिसा गेला, बायको पुण्यातच राहणार. त्याच्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, हे सांगून टाकतो.

तो रिकाम्या हाताने परत आला. “प्रिंट सापडत नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “पण यांची चूक नाही. तपासून आल्यावर जागा पुरेना म्हणून मी आकृती हलवली. परत दाखवली नाही.”

बाशमुहंदिस दोन मिनिटं अरबीत बोलला आणि शेवटी म्हणाला, “खलास.” नाशिककरला ऑफिसातून काढून मीना अब्दुल्लाच्या साइटवर पाठवलं, उन्हात. सीनियरची जागा मला मिळाली. मी तोंड उघडलं नाही. घसा दुखतोय असं सांगून लवकर खोलीवर गेलो.

बायको सहा महिन्यांनी आली. पहिल्याच शुक्रवारी दुपारी नाशिककर आणि त्याची बायको आमच्या घरी आले, शर्कच्या बाजारातून पापलेटं घेऊन. तो रापून काळा झाला होता. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि पाच मिनिटांत माहेरच्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. माझी बायको मोठ्याने हसली. ते हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो.

नाशिककरने पिशवीतून गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. मी उलगडली. पूर्ण कागद पिवळा आणि मधल्या आकृतीवर एक नारिंगी डाग, पिवळ्याखालून वर आलेल्या लालचा.

“तू तेव्हाच का नाही दाखवलंस?” मी विचारलं.

“दाखवणार होतो,” तो म्हणाला. “खण उघडला तेव्हा फार राग आला होता, दादा. चूक माझीच होती, पण तुम्ही छान आहे म्हणालात ना, त्याचा राग आला. मग म्हटलं, माझी बायको तर इथंच आहे.” त्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली. “तुमच्यावर उपकार म्हणून नाही केलं. वहिनींसाठी केलं. हे तुमच्याकडेच असू द्या. मला ते घरात नको.”

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने आम्हाला जेवायला हाक मारली. तो उठून हात धुवायला गेला.

त्याची माफी मागायला हवी होती. बाशमुहंदिसकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. यातलं काहीच मी केलं नाही, ना त्या दिवशी, ना पुढे. प्रिंट मात्र पुण्याच्या घरी आणली. अजून कपाटाच्या वर आहे. वर्षातून एकदा तरी उलगडतो आणि ठरवतो, की या वेळी फक्त त्या नारिंगी डागाकडे पाहायचं. पण नजर आधी जाते ती अक्षरांकडे. इतकी चांगली अक्षरं मला कधीच जमली नाहीत, आणि तो बाशमुहंदिससमोर जे बोलला तेही मला बोलता आलं नसतं. मग परत पोटात दुखतं आणि मी गुंडाळी करून ठेवून देतो.