बशीतली गोळी

माझ्या बायकोला पाटीवरच्या पेन्सिली खायची सवय होती. मी बुधवार पेठेत पुस्तकं बघायला निघालो की ती एक खोकं आणायला सांगायची. एकदा दुकानदाराने विचारलं, मुलगा पहिलीत का? मी म्हटलं, नाही, बायको. तो हसला नाही. मग दोन खोकी न्या, एवढंच म्हणाला. हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत आलो. तीही हसायची आणि रिकामे कप उचलून आत जायची.

आता हे लिहायची लाज वाटते, कारण मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी हिमोग्लोबिन शिकवतो. चार साखळ्या, प्रत्येकीत एक हीम, हीमच्या मधोमध लोहाचा एकच अणू, आणि त्याला धरून ऑक्सिजन अंगभर फिरतो. तांबडी पेशी चारेक महिने जगते, मग मोडीत निघते. पण तिच्यातलं लोह शरीर फेकत नाही, नव्या पेशीला देतं. जुन्या लुगड्याची गोधडी करावी तसं, असं मी म्हणतो, मुलं ते वहीत उतरवून घेतात. इतक्या काटकसरीच्या संसारातून लोह जातं ते मुख्यतः रक्त गेलं तरच. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, हेही मी सांगतो. हातात खडू धरून सांगतो.

आम्ही खडकीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर ती हमखास थांबायची, शेजाऱ्यांच्या दारातल्या कुंडीकडे बघत. मला वाटायचं, हिला झाडांची भारी आवड. मी पुढे जाऊन कुलूप काढायचो.

एक दिवस भाजीची पिशवी घेऊन ती तिथेच पायरीवर बसली ती उठेचना. तपासणीत हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक निघालं. डॉक्टरीणबाईंनी पाळीबद्दल विचारलं तेव्हा ती सरळ बोलली: कित्येक वर्षं झाली, दर महिन्याला दहा-दहा दिवस रक्त जातं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, मला कधी बोलली नाहीस. "तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

रक्त थांबवायचं औषध सुरू झालं आणि सोबत लोहाच्या गोळ्या. मी ठरवलं, आता हिची सेवा आपण करायची. इतकी वर्षं वर्तमानपत्राआडून "चहा झाला का" असं ओरडणारा मी रोज सहाला उठू लागलो. आलं घालून चहा करायचो, बशीत गोळी ठेवायचो आणि अंथरुणापाशी नेऊन द्यायचो. ती कप दोन्ही हातांनी धरायची, गोळी तोंडात टाकून वर चहाचा घोट घ्यायची. आपलं पाप थोडं फिटतंय असं मला वाटायचं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन सात पूर्णांक सहा. रक्त जाणं तर केव्हाच थांबलं होतं. मी चिडलो. गोळ्यांची रिकामी पाकिटं तपासली, एकही चुकली नव्हती. मग थुंकून टाकतेस की काय, असंही बोलून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? ती म्हणाली, चहाबरोबर, हेच करून देतात रोज. मी काय शिकवतो हे बाईंना ठाऊक होतं. "सर, तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या.

वर्गात ते टॅनिन होतं, लोहाला आतड्यातच अडवून धरणारं, परीक्षेत हमखास येणारं. घरी तो चहा होता.

परतताना रिक्षात ती म्हणाली, मला माहीत होतं. गोळ्यांसोबतच्या कागदावर लिहिलं होतं, चहाबरोबर घेऊ नये. मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी चहा केलात," ती म्हणाली. "नको म्हटलं असतं तर परत केला असतात?"

हो म्हणायला तोंड उघडलं, पण ते खरं वाटेना.

आता सकाळी गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी. दोन्ही मीच देतो. काल बाजारातून येताना ती दुसऱ्या मजल्यावर न थांबता वर गेली. कुंडीपाशी मी थांबलो, पहिल्यांदाच. आत कोरडी माती आणि एक वाळकी काटकी होती. शेजारीण दारात आली. मी विचारलं तर म्हणाली, अहो, ते झाड जाऊन सात-आठ वर्षं झाली.