डावीचा टाका

बोळाच्या टोकाला, जिन्याखाली, दोन बहिणींचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. थोरली शिवते. धाकटी दोऱ्याला मेण लावते. बावीस वर्षं.

धाकटी डावखुरी. तिचा टाका उलट्या बाजूला कलतो आणि थोरलीला ते खपत नाही. त्यामुळे धाकटीचं नाव डावी पडलं, आणि सुई काही हाती आली नाही. दुपारी ताईचा डोळा लागला की ती चामड्याच्या कपट्यांवर गुपचूप शिवायची.

“ताई, बॅगेचा एखादा बंद मला शिवायला दे की.”

“तू शिवलेला बंद बघायला गिऱ्हाइकाला मान वाकडी करावी लागेल.”

एकदा एक निवृत्त शिक्षिका आपल्या आईची बॅग घेऊन आल्या. काळी, चौकोनी, पितळी कडीची. बॅगेचं वय साठीच्या पुढचं, पण कणा ताठ. ती बनवणाऱ्या बड्या कंपनीच्या जुन्या बॅगांच्या प्रदर्शनात मांडायची होती. एका बंदाचे टाके तेवढे झिजले होते. डावी ते उसवायला बसली आणि थबकली.

“ताई, हे टाके माझ्यासारखे पडलेत.”

“म्हणून तर काढायचेत.”

ताईने बंद नवा करून दिला. टाके कसे, रांगेत उभे केल्यासारखे. बाई खूश होऊन गेल्या. चार दिवसांनी परत आल्या त्या कंपनीच्या तपासनिसाला घेऊन. त्याच्या हातात भिंग होतं आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

“आमची प्रत्येक बॅग एकच कारागीर अथपासून इतिपर्यंत करायचा,” तो म्हणाला. “ही करणारा डावखुरा होता, तशी नोंद आहे. एक बंद त्याचा. दुसरा कोणाचा?”

“मी नीट करून दिला,” ताई म्हणाली.

“तेच तर झालंय. उद्या मांडणी आहे. हा बंद असाच राहिला तर बॅग घरी.”

बाई धूळ नसताना बॅगेवरून रुमाल फिरवत राहिल्या.

ताईने आपले टाके उसवले. मग सुई डाव्या हातात धरली. पहिल्याच टाक्याला अंगठा टोचला. दुसरा टाका कुठे कलायचं हेच ठरवू शकला नाही. हसू येऊ नये म्हणून डावीने गाल आतून चावून धरला.

ताई उठली.

“बस इथे,” ती म्हणाली. डावीच्या तोंडाकडे न बघता.

डावीने बंद लाकडी चिमट्यात अडकवला. जुन्याच भोकांतून सुई घातली, दोरा ओढला. टाका अलगद कलला, जणू त्याला घर सापडलं. अर्धा बंद झाल्यावर तपासनिसाने दोन्ही बंदांवरून भिंग फिरवलं. बराच वेळ.

“चालेल,” तो म्हणाला. “या इतकी वर्षं होत्या कुठे?”

“माझ्यासमोरच,” ताई म्हणाली.

डावीने मान वर केली नाही.

“ताई, दोरा संपत आला. पुढच्याला मेण जरा सढळ हाताने लाव. मी लावायचे तसं.”