साहेब जाणार, रुपयाला तीन

आधीच माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही, ओळ सरळ राहत नाही आणि ऱ्हस्वदीर्घ तर मला चौथीतही जमलं नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती पडलं तर त्यानं सांभाळून घ्यावं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गंगाखेडच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, मापाडी होते, मालाचं वजन करायचे. त्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्यांची पुस्तकं घरात उरली आहेत. चिठ्ठीची मागची बाजू कोरी असते. तिथं लिहिते आहे.

मी लहानपणापासून कमी बोलणारी. लग्न होऊन राणीसावरगावला आले तेव्हा पहिलं वर्षभर शेजारणींना वाटायचं की मी मुकी आहे. पुढं त्याचाच फायदा झाला. बायका घरात लपवलेले पैसे माझ्याकडं ठेवायला आणू लागल्या. "हिच्या पोटातलं भाईर येत न्हाई," असं म्हणायच्या. हिशोब लिहायची गरज नव्हती. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणायचा, त्यात पैसे बांधायचे आणि आपल्या हातानं गाठ मारायची. कापडावरून पोटली कुणाची ते कळायचं, आणि गाठीवरून ती कुणी सोडली की नाही तेही. उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात तुरीच्या डाळीखाली अशा सात पोटल्या होत्या.

सगळ्यात जड पोटली आक्काची. आक्का माझी कुणी नात्याची नव्हे. लहान वयात विधवा होऊन ती माहेरी आलेली, आमच्या भिंतीला भिंत लावून एकटी राहायची. तिचा धाकटा भाऊ दिल्लीला मोठा साहेब होता. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. तो महिन्याला मनीऑर्डर करायचा आणि पत्र पाठवायचा. आक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र मी वाचायची आणि उलट पत्रही मीच लिहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. परभणीच्या डॉक्टरनं थंडीत ऑपरेशन करू म्हणून सांगितलं होतं. त्यासाठी पोटलीत सातशे रुपये जमले होते. हिरव्या लुगड्याचा तुकडा होता तो, आणि गाठीचं टोक ती बोटानं आत खुपसून ठेवायची.

त्या साली पेपरात आलं की आमच्या गावच्या साहेबांचं नाव राजदूत म्हणून पुढं आलंय, समुद्रापलीकडच्या एका लहान देशात. गावाला आधी आनंद झाला. आक्का मला म्हणाली, "तितं जवारी मिळती का ग? त्याला भाकरीबिगर झोप येत न्हाई."

पण ती विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाची वर्षं होती. गावागावात माणसं एकमेकांना तोंड दाखवत नव्हती, कुठं कुठं घरं जळाली होती. साहेबांनी मागं एकदा नाव बदलावं, ते न्यायाचं आहे, असं वर्तमानपत्रात लिहिलं होतं. ते लोकांनी आता उकरून काढलं. दिल्लीला तारा गेल्या की हा माणूस नको. शिवाय दिल्लीतही कुणाला तरी ते नको होते, असं म्हणायचे. नाव पुढं आलं तरी त्या देशाचा होकार यावा लागतो, आणि तो काही येईना. पेपरात एक दिवस जाणार, एक दिवस नाही जाणार.

मोंढ्यात माल कमी असला की माणसं पैजा लावतात. पाऊस कधी येईल, कोण निवडून येईल, कशावरही. साहेबांवरही लागल्या. एका आडत्याच्या, मालाच्या दलालाच्या, ओट्यावर रोज भाव निघायचा. मालक संध्याकाळी गाडीतून उतरून घरी आले की हात धुता धुता सांगायचे. सुरुवातीला 'जाणार'ला रुपयाला बारा आणे होते. म्हणजे एक रुपया लावला आणि साहेब गेले, तर रुपया परत आणि वर बारा आणे. मग रुपयाला रुपया झाला, मग दोन.

"वाढलं म्हंजे चांगलं का?" मी विचारलं.

"वाढलं म्हंजे वाईट. लोकाला वाटंना की जाईल म्हनून. देनारा उगंच का जादा दील?"

मोंढ्यातल्या थट्टाही ते घरी आणायचे. एक हमाल म्हणाला होता, "राजदूत म्हंजे काय ओ, परदेशातला आडत्याच की. माल सरकारचा, बोली सरकारची, ह्यानं नुस्तं मान हलवायची." मालकांना हसू आवरेना. मीही पदराआड हसले होते.

भाव रुपयाला तीन झाला त्या आठवड्यात आक्काकडं पत्र आलं. तिच्या ओट्यावर बसून मी वाचलं. साहेबांनी लिहिलं होतं: 'आक्का, माझं नक्की झालं आहे, काळजी करू नकोस. पेपरात काहीबाही येतं, त्याची काळजी करू नकोस. इतक्यात कुणाला सांगू नको. थंडीत डोळ्यांचं करून घे, माझी काळजी करू नकोस.'

आक्कानं पत्र माझ्या हातून घेतलं, घडी घातली. मग म्हणाली, "ऐकलंस ना, कुनाला सांगू नको म्हनतोय."

"मी कुनाला सांगते?" मी म्हणाले.

आणि त्याच संध्याकाळी ताट वाढताना मी मालकांना सांगितलं. आयुष्यात कुणाचं काही बाहेर सांगितलं नव्हतं. ते एक सांगितलं.

मालकांचा हात ताटातच थांबला. "नक्की झालंय असं लिवलंय? त्येंच्या हातानं?"

"व्हय."

"मंग मोंढा येडा हाय. रागानं लावायलेत समदे, नामांतराच्या रागानं. अकलेनं कोन लावतंय?"

मला ते पटलं. मोंढ्यातल्या चाळीस माणसांना जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि मला शिलाई मशीन हवं होतं. लोकांच्या रानात खुरपायला गेलं की बायकांच्या घोळक्यात बोलावं लागतं, चेष्टा सोसावी लागते. मशीन असतं तर दाराआड बसून चार पैसे मिळाले असते. एवढीच माझी हाव होती. लहान होती, पण हावच ती.

दुसऱ्या दिवशी मालक अंघोळीला गेले तेव्हा मी आक्काची पोटली सोडली. पाचशे काढले, दोनशे ठेवले. जाडी सारखी वाटावी म्हणून वजनाच्या चिठ्ठ्या नोटांएवढ्या घडी घालून आत सारल्या. तिच्यासारखीच गाठ मारून टोक आत खुपसलं. दुसऱ्या कुणाची पोटली मी घेतली नाही. आक्काचेच घेतले, कारण भाऊ तिचा, बातमी तिची, आणि आठवड्याभरात तिचे तिला परत जाणार होते. मन कशी वाट काढतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

'जाणार'वर लावा म्हणून दिल्या, तेव्हा मालकांनी नोटा हातात घेतल्या. "पाश्शे? कुटून आले?"

"साठवलेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नोटा बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यानंतर भाव साडेतीन झाला, चार झाला. मालक म्हणायचे, "होऊ दे. आपला रुपया तीननं लागलाय." पण जेवण कमी झालं होतं त्यांचं. एका गुरुवारी ते आले आणि पाय न धुताच उंबऱ्यावर बसले.

"दुसऱ्याला धाडलं. रेडिओवर सांगितलं," म्हणाले.

मला आधी आक्काचे डोळे दिसले, पैसे नंतर आठवले.

त्याच दिवशी मी मालकांना पोटलीचं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आडत्याकडून उचल घेतो म्हणाले, मी नको म्हणाले. आडत्या कशासाठी म्हणून विचारणार, आणि मोंढ्यात कळलं की गावात कळणार. बाकीच्या सहा जणींच्या पोटल्या मी त्याच आठवड्यात जिच्या तिच्या घरी नेऊन दिल्या. घरात उंदीर झालेत, असं कारण सांगितलं. खोटं एकदा सुरू झालं की त्याला बोलायला शिकवावं लागत नाही.

साहेबांचं पत्र आलं. 'प्रकृतीमुळं मीच नको म्हणालो, काळजी करू नकोस.' पुढं ते लवकरच नोकरीतून निवृत्त झाले आणि मनीऑर्डर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागली, तीही निम्मी.

दिवाळी झाली आणि आक्का भिंत चाचपत आली. "दे ग माझी पोटली. डॉक्टरकडं जावं म्हनते."

मी दिली. आक्कानं पोटली तळहातावर घेतली, अंगठ्यानं दाबली, गाठीवरून बोट फिरवलं. पुन्हा दाबली. आतला कागद करकरला. मी चुलीकडं बघत उभी होते.

तिनं पोटली सोडली नाही. माझ्या हातात परत दिली.

"राहू दे. ह्या साली नको. चाकूचं भ्याव वाटायलंय." दारापाशी गेल्यावर म्हणाली, "तू गाठ लय घट्ट मारतीस ग."

त्यानंतर चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. मग कोपऱ्यावरच्या बाईनं वाकळ शिवायला दिली. जुन्या लुगड्यांचे थर लावून सगळी हातानं शिवायची, बारीक टाक्यानं. तिचे पंधरा मिळाले. मालकांच्या मजुरीतले पाच घातले आणि ते वीस रुपये आक्काच्या हातावर ठेवले.

"हे काय?"

"तुमचे."

"किती ऱ्हायले?"

"चारशे ऐंशी."

"बरं," म्हणाली. तिनं कारण विचारलं नाही. मी मात्र तिथंच बसून सगळं सांगितलं. पैज, पत्र, चिठ्ठ्या, मशीन. एवढं सलग मी जन्मात बोलले नव्हते. ती शेंगा फोडत ऐकत राहिली.

त्यानंतर मी वाकळी शिवत राहिले. मशीन आलं नाही, सुई मात्र हातातून सुटली नाही. कधी दहा द्यायची, कधी तीस, पावसाळ्यात काहीच नाही. आक्का दिलेले पैसे तिच्याकडं वेगळे ठेवायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा डावा डोळा पार गेला. मोतीबिंदू फार पिकला, आता ऑपरेशननंही दिसायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला. उजव्याला अजून उजेड कळत होता. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले नाहीत.

त्याच सुमारास साहेबांना पत्र लिहायचं होतं. आक्का म्हणाली, "लिही, डोळे बरे हायत."

मी लेखणी खाली ठेवली. "आक्का, खरं लिहू का? मी केलं म्हनून लिहिते."

"खरं कशाला? त्यानं तरी कुटं लिवलं हुतं खरं?"

"म्हंजे?" मी विचारलं.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "नक्की झालेलं मानूस तीनदा काळजी करू नको म्हनून लिवत न्हाई. तू वाचलंस ग, पर ऐकलं न्हाईस."

इतकी वर्षं तिची पत्रं मीच लिहीत होते. ती तापानं फणफणलेली असताना 'मी खुशाल आहे' असं मीच लिहिलं होतं. घरी धाडलेल्या पत्रात माणूस काय लिहितं आणि काय लिहीत नाही, हे गावात माझ्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी भावानं बहिणीला धीर द्यायला लिहिलेली ओळ मी बातमी म्हणून धरली. मोंढ्यातली ती माणसं साहेबांना ओळखतही नव्हती. काही रागानं लावत होती, काही लोभानं. पण त्यांचा भाव खरा निघाला, आणि मायेनं लिहिलेलं पत्र खोटं. ह्याचं मला अजून नवल वाटतं आणि वाईटही वाटतं.

मी लिहिलं, 'डोळे बरे आहेत.' आक्कानं अंगठा दिला.

शेवटचे पस्तीस रुपये तिसऱ्या थंडीत जमले. मी ते घेऊन गेले, सोबत उतरंडीतली हिरवी पोटलीही नेली. तीत तिचे दोनशे होते तसेच होते. चिठ्ठ्या मी कधीच काढून जाळल्या होत्या. आक्कानं गाडग्यातून मी दिलेले सगळे पैसे काढले आणि पोटलीतल्या दोनशेंसकट ओट्यावर ऊन होतं तिथं ओतले. नोटा बोटांनी चाचपल्या, नाणी वेगळी केली. दोनदा मोजले. मी समोर बसून होते, मोजायला मदत करते असं म्हणायची हिंमत झाली नाही.

"सातशे," ती म्हणाली.

"सातशे," मी म्हणाले.

तिनं सगळे हिरव्या तुकड्यात बांधले, गाठ मारली, टोक बोटानं आत खुपसलं. माझा हात सवयीनं पुढं झाला होता. तिला तो दिसला की नाही ते मला माहीत नाही. तिनं पोटली आपल्या कनवटीला लावली.

"तुज्या मालकाला म्हन, परभणीच्या गाडीची वेळ इचारून ये," ती म्हणाली. "उजव्याचं तरी करून घिऊ."