दुसऱ्याच्या दाबावर चार महिने

अर्जदार: मी स्वतः, वय एकावन्न, शिक्षण सातवी पास, धंदा अर्जलेखन, बैठक सडक अर्जुनीच्या कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली, सन एकोणीसशे नव्याण्णवपासून अखंड.

गैरअर्जदार क्रमांक एक: श्वासाची यंत्रे विकणारा गोंदियाचा इसम. क्रमांक दोन: त्याचा उल्लेख ओघात येईल.

घटनेचा काळ: सन दोन हजार बाराच्या धानकापणीपासून पुढच्या होळीपर्यंत.

साक्षीदार: माझी पत्नी; शेडसमोरचा चहावाला, ज्याला विचारल्याशिवाय साक्ष देण्याची सवय आहे; आणि सौंदडची एक विधवा. नावे देत नाही. नाव छापून आले की माणूस मूळ मुद्दा सोडून नावावरच भांडतो, हा माझा अनुभव आहे.

हकीकत अशी की, मला झोपेत श्वास अडकण्याचा रोग आहे. घोरणे मध्येच थांबते, त्याबरोबर श्वासही थांबतो, आणि मग गुदमरून पुन्हा सुरू होतो. रात्र अशी गेली की दिवसा माणूस बसल्या जागी डुलक्या घेतो. पत्नीने हे मला दहा वर्षे सांगितले. सांगणारी चौथी शिकलेली असल्यामुळे मी ते दप्तरी दाखल केले नाही.

दाखल करावे लागले ते एका मोजणीच्या अर्जामुळे. कोहमाऱ्याकडचा एक शेतकरी समोर बसून मजकूर सांगत होता आणि मी लिहीत होतो. मध्येच माझा डोळा लागला, पण हात चालू राहिला. त्याच्या गटाच्या जागी मी शेजाऱ्याच्या गटाचा क्रमांक लिहिला. मोजणीवाले आले आणि शेजाऱ्याचे शेत मोजून गेले. शेतकरी परत आला तो भांडायला नव्हे, त्याला फक्त एक विचारायचे होते.

"बाबूजी, तुमी लिवून राहिले होते का झोपून राहिले होते?"

चहावाला हसला. त्या हसण्याचे मला काही नाही. उकळलेले पाणी विकणाऱ्याचे मत मी धरत नाही. परंतु अर्जलेखकाकडे विकायला हातातल्या अक्षराशिवाय दुसरे काही नसते. लोक अंगठा उठवतात ते मी लिहिले आहे या भरवशावर. तो भरवसा गेला तर शेडखाली नुसती खुर्ची उरते.

गोंदियाच्या डॉक्टरांनी अंगाला तारा लावून एक रात्र मला निजवले आणि कागद दिला. नाकावर मास्क लावून यंत्राने हवेचा दाब द्यायचा, तो अकरा असावा, असे त्यात होते. कागद इंग्रजीत असला तरी आकडा मला वाचता येतो. मी तो लाल फितीच्या फाइलमध्ये लावला आणि विक्रेत्याकडे गेलो.

विक्रेत्याच्या अंगावर टाय होता आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याने टिफिनच्या डब्याएवढे नवे यंत्र पुढे केले. ते श्वासागणिक दाब आपोआप कमीजास्त करते, आणि किती वेळ झोपलो, किती वेळा श्वास अडला, हे सगळे एका कार्डावर लिहून ठेवते. जुन्या यंत्राचे विचारले तेव्हा त्याने माशी हाकलावी तसा हात हलवला.

"पुराना डब्बा छोड़ो, बाबूजी. ये मशीन खुद सोचती है."

ज्याचे स्वतःचे विचार संपले आहेत त्याने विचार करणारे यंत्र घ्यावे, असे मी त्याला शुद्ध मराठीत सांगितले. ते त्याला कळले नाही. कार्डाची गोष्ट तर मला मुळीच पटली नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी दुकानात बसून माझ्या झोपेचा रोजनामा वाचावा? आयुष्यभर मी लोकांविरुद्ध अर्ज लिहिले. माझ्याविरुद्ध अर्ज लिहिणारी वस्तू उशाशी ठेवण्याचे मला कारण नव्हते.

सौंदडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कावीळ होऊन वारले होते. त्यांचे जुने श्वासाचे यंत्र घरात पडून होते. एकदा लावलेला दाब तसाच धरून राहणारे, वजनाला विटेसारखे, न बोलणारे, न लिहिणारे. मला ते पाहताच पसंत पडले. त्यांच्या विधवेने ते पदराने पुसून दिले आणि एवढेच म्हणाली, "त्याइनं लावलं होतं तसंच राहू द्या, भाऊ."

माझ्या हातून कोणतीही वस्तू लेखाशिवाय हलत नाही. मी तिथेच मुद्रांकावर हस्तांतरणपत्र लिहिले. नळी एक, तार एक, पिशवी एक, उजव्या कोपऱ्यावर ओरखडा एक. बाईच्या शब्दाला मान म्हणून कलम पाचही घातले: "सदर यंत्र मयताने ज्या स्थितीत ठेवले त्याच स्थितीत घेणार ठेवील व त्यात कोणताही फेरबदल करणार नाही." तालुक्यात यापेक्षा चांगले हस्तांतरणपत्र कोणी लिहिले असेल तर दाखवावे.

मास्क नवा घेतला. यंत्र रोज लावले. आणि चार महिने शेडखाली पूर्वीसारखाच पेंगत राहिलो. दोष मी आधी हवेला दिला, मग विजेला, मग पत्नीच्या स्वयंपाकाला. ती एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अजी, हे यंत्र तुमाले हवा देऊन राहिलं का तुमी त्याले देऊन राहिले?"

होळी झाल्यावर मी यंत्र, फाइल आणि हस्तांतरणपत्र घेऊन डॉक्टरांकडे तक्रार करायला गेलो. त्यांनी दोन बटणे एकदम दाबली. पडद्यावर सहा आला. मग त्यांनी माझ्या फाइलमधला अकरा दाखवला आणि विचारले की हा आकडा यंत्रात का घातला नाही. मी कलम पाच पुढे केले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

ते हसले असते तर बरे झाले असते. चार महिने मी एका मयत माणसाच्या श्वासाला पुरणाऱ्या दाबावर झोपत होतो, तेही स्वतःच्या अक्षरात स्वतःला बांधून घेऊन. नव्या यंत्राने माझा दाब पहिल्या आठवड्यातच हुडकला असता, असे डॉक्टर म्हणाले. ते मी मान्य करतो. त्यामुळे विक्रेता शहाणा ठरत नाही. जुन्या यंत्रातही खोट नव्हती. सांगितले तेवढे ते करत होते. सांगणारा मी होतो आणि मी चुकीचे कलम सांगितले होते. गैरअर्जदार क्रमांक दोन तो हाच.

तरीही सही केलेले कलम मी परस्पर मोडत नाही. डॉक्टरांना थांबवून मी सौंदडला गेलो आणि बाईकडे फेरबदलाची लेखी संमती मागितली. अंगणात धान पाखडता पाखडता ती माझ्याकडे पाहत राहिली.

"त्याइचा दम त्याइच्यासंगं गेला, भाऊ. तुमाले कायले पायजे तो?"

तिने अंगठा उठवला. मी कलम पाच रद्द केले आणि शुद्धिपत्रात आकडा अक्षरी लिहिला: अकरा. डॉक्टरांनी तो यंत्रात घातला. पंधरा दिवसांनी दुपारच्या उन्हातही माझा डोळा लागेना. आणि जागे झालेल्या माणसाला प्रथम जे आठवायचे तेच आठवले: मोजणीचा तो एक अर्ज तर उघडकीस आला, तेव्हापासून पेंगत लिहिलेल्या बाकीच्या अर्जांचे काय? अर्जाच्या नकला मी ठेवत नाही. त्या पक्षकारांच्या घरी आहेत.

सबब विनंती की, सन दोन हजार बाराच्या धानकापणीपासून पुढच्या होळीपर्यंत माझ्या हातचा अर्ज ज्यांनी नेला असेल, त्यांनी आपली नक्कल घेऊन शेडखाली यावे. ती आपल्यासमक्ष मोठ्याने वाचली जाईल व चूक निघाल्यास अर्ज नव्याने लिहून दिला जाईल. माझ्या चुकीने कोणाची तारीख गेली असेल, कोणाची हद्द सरकली असेल, तर तेही तोंडावर सांगावे. चहावाल्यामार्फत निरोप स्वीकारला जाणार नाही. उत्तर मिळावे, ही विनंती.