मोजमाप चालू असताना

मी भित्री आहे. बडनेऱ्यात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले, तरी फाटक ओलांडताना दोन्हीकडे पाहून झालं की पुन्हा एकदा पाहते. अशा बाईने अकोटजवळच्या शाळेत तिसरी ते आठवीच्या पोरांचे मिसळलेले गट करायचे आणि त्यांना गावभर आपल्याच प्रश्नांची उत्तरं शोधायला न्यायचं, म्हणजे आपणच आपल्या जिवाला घोर लावून घेणं. पण हे खूळ माझंच होतं. गटात प्रत्येक इयत्तेचं एक पोर. प्रश्न सगळ्यात लहानाने विचारायचा, लिहायचं सगळ्यात मोठ्याने, आणि उत्तर कोणी सांगायचं नाही, मोजून काढायचं.

मोजताना पोरं इतका कलकलाट करायची की आकडा हमखास चुकायचा. शेवटी चिडून मी फळ्यावर नियम लिहिला. मोजमाप चालू असताना बोलायचं नाही, कोणी हाक मारली तरी नाही, मी मारली तरी नाही. मी ‘आकडा सांगा’ म्हटलं की मगच तोंड उघडायचं. वर्ग चिडीचूप झाला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

हिवाळ्यात तिसरीतल्या एका मुलीने प्रश्न आणला. तिचे अब्बा गाद्या भरायचे. ती म्हणाली, “मॅडम, गादी गरम रायते, का आपणच गरम रायतो म्हून ते गरम लागते?” असा प्रश्न मला बी.एड.मध्येही सुचला नव्हता. गटाने दोन दिवस वाद घातला. मग आठवीतल्या ताईने ठरवलं, ज्यात कोणी झोपलेलं नाही असा कापूस मोजायचा. असा कापूस सरकी काढायच्या जिनिंगमध्ये ढिगाने पडलेला असतो.

परवानगी घेऊन मी तो एकच गट घेऊन गेले. आवारात कापसाच्या मोठमोठ्या गंज्या लागल्या होत्या. मुकादमाने आधीच बजावलं, “पोरायले गंजीवर चढू देऊ नका, मॅडम. कापूस माणसाले गिळते.” मी हसून मान हलवली आणि पोरांना थर्मामीटर वाटले. तिसरीतल्या त्या लहानीला ताईच्या ताब्यात दिलं.

मी पुढच्या गंजीपाशी दोन पोरांसोबत होते. तेवढ्यात ताई पळत आली. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

“मॅडम, लहानी इकडं आली काय? मी सावलीतलं मोजाले गेली, वापस आली त ते तिथं नाई.”

त्या दोघी मोजत होत्या त्या मागच्या गंजीपाशी ट्रॅक्टर पुढच्या फावड्याने कापूस भिंतीकडे रेटत होता. वरून कापूस घसरत होता, आणि तो घसरताना जरासुद्धा आवाज होत नव्हता. मी हात वर करून ट्रॅक्टरसमोर धावले. काय ओरडले ते मला आठवत नाही. मुकादमाने ट्रॅक्टर बंद करायला लावला, मग आतलं सरकी काढायचं मशीनही.

मशीन बंद झाल्यावर मी तिला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. ओ आली नाही. मशीनच्या आवाजात निदान आशा होती की तिला ऐकू येत नसेल. आता ती आशाही गेली. मजूर बाया भिंतीच्या बाजूने कापूस उपसू लागल्या. मीही गुडघ्यावर बसून हातांनी ओढत होते, आणि जेवढा ओढावा तेवढा वरून खाली येत होता. डोक्यात एकच चाललं होतं, तिच्या अब्बांना काय सांगायचं. ज्या कापसावर तुमचं घर चालतं, त्याच्याखाली तुमची पोरगी आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं.

एवढ्यात चौथीतल्या मुलीने माझी ओढणी ओढली.

“मॅडम, नावानं हाका काहून मारून राहिल्या? ते मोजत असन त बोलनार नाई. तुमीच तं सांगतलं.”

मी घशाच्या शिरा ताणून ओरडले, “आकडा सांगा!”

भिंतीच्या कोपऱ्यातून, कापसाच्या आतून, दबका आवाज आला. “थांबा ना मॅडम, पारा अजून चढून राह्यला!”

बायांनी तिला ओढून काढलं. खोल मोजायचं म्हणून ती भिंत आणि गंजीच्या मधल्या फटीत शिरली होती, आणि फटीच्या तोंडाशी कापूस घसरला होता. केसांत, पापण्यांवर कापूस. थर्मामीटर मात्र मुठीत घट्ट. ट्रॅक्टरने आणखी एकदा रेटलं असतं तर, हे मी मनातसुद्धा पुरं करू शकले नाही. मी तिला छातीशी धरलं, मग खूप रागावले, मग पुन्हा धरलं.

“छत्तीस,” ती म्हणाली.

ताई रडत होती. रडतारडताच तिने पेन काढलं आणि थबकली. “पन तूच तं आत होती. मंग हे कापसाची गरमी का तुयी?”

लहानीचा चेहरा पडला. त्या सगळ्या प्रकारात तिला तेवढंच वाईट वाटलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन अब्बांना सगळं सांगितलं, नियमासकट. शिव्या खायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी हातातला सुईदोरा बाजूला ठेवला. मग पोरीच्या केसांतून राहिलेला कापूस वेचत म्हणाले, “उद्या पाठवतो तिले. पन लक्ष ठेवा, मॅडम.” यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा नियम पुसला. हाक आली की ओ द्यायची, मोजमाप चालू असलं तरी, असं सांगितलं.

“मंग आकडा चुकला तं?” लहानीने विचारलं.

“चुकू दे,” मी म्हणाले. वर्ग माझ्याकडे पाहतच राहिला.

गट अजून चालतात. पोरं विहिरीचं पाणी मोजतात, सावल्या मोजतात. ती अगदी रंगात आली की मी मुद्दाम हाका मारते, एकेकाला, नावाने. पोरं वैतागतात. काल लहानी गुडघ्यावर बसून मुंग्या मोजत होती. मी हाक मारली.

“ओ, मॅडम! चुकवलं ना तुमी!” ती ओरडली.

मी पुढच्या पोराला हाक मारली.