शिंपिणीचा शेवट

धुळ्याला कॉलेजात असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, युद्धातल्या हेरगिरीचा एक परदेशी सिनेमा पाहिला होता. पाहिला म्हणजे पाऊणच. गावाकडची शेवटची एसटी चुकेल म्हणून ते मधूनच उठले. शत्रूच्या अधिकाऱ्यांचे गणवेश शिवता शिवता त्यांच्या बातम्या फोडणारी शिंपीण शेवटी सुटली की सापडली, हे त्यांना कधी कळलंच नाही. आम्हा पोरांना गोष्ट सांगताना ते तिला नदीपार पोचवायचे आणि हा शेवट आपल्या पदरचा, हे लगेच कबूल करायचे, "हाई मनं शे हां. खरं काय व्हयनं ते देवले माहीत."

यंदा पिंप्राळ्यातल्या आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात मी तोच सिनेमा लावला. पडद्यावरची बारीक अक्षरं तिथे बहुतेकांना धड वाचता येत नाहीत, म्हणून एकजण माईक घेऊन मराठीत सांगत बसतो. ते काम माझं. आबांची नजर तर आता पार गेलीये. त्यांना सिनेमा दिसणार तो माझ्या तोंडून.

मंडळी रंगली होती. कापडदुकानवाले काका म्हणाले, "गिऱ्हाईकाशी इतकं गोड बोलतं का कुणी? सापडणार ही!" मागून एक बाई ओरडल्या, "अगं बये, मागच्या दाराने पळ ना!" आबा मात्र काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

शेवटी तिला भिंतीशी उभं केलं. माझी जीभच रेटेना. आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी बोलून गेले, "सुटली. नदी ओलांडली तिने." काका उगाच आपल्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, वा, काय शहाणपणा केला मी!

रिक्षात बसल्यावर आबांनी काठी गुडघ्यांत धरली. मग म्हणाले, "माले दिखत नही माय, पन ऐकू ते बठ्ठं येस. गोळीना आवाज उना."

"तिला गोळी घातली म्हणून सांगितलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, आबा."

"वाटतं ते वाटतं. माले खरं जोयजे व्हतं."

त्यांना खरं हवं होतं आणि मी खोटं दिलं; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, त्यांनी मान हलवली. विषय संपला असं मी धरून चालले.

पुढच्या सिनेमाला आबा आले, पण खुर्ची त्यांनी कापडदुकानवाल्या काकांशेजारी ओढून घेतली. मी माईकवर एकेक प्रसंग सांगत होते, आणि दर वेळी आबा काकांच्या कानाशी लागून विचारत होते, "खरंच असं शे का?"