गुडघा वजा

आमची नृत्यशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बरोबर तिच्या खाली दातांचा दवाखाना. त्यामुळे आमच्या बाईंचं निम्मं आयुष्य एकच वाक्य म्हणण्यात गेलं. "हळू पडा रे! खाली कुणाच्या तरी तोंडात यंत्र असेल!"

उरलेलं निम्मं मोजण्यात. "पाच, सहा, सात, आऽऽ." त्यांचा आठ कधीच पुरा व्हायचा नाही, कारण आठापर्यंत कुणाचा तरी खांदा कानाला लागलेला असायचा. "काय गं, फोन आलाय का? मग खाली ठेव तो खांदा."

हे सगळं मला त्यांच्या आवाजात करता येतं. शाळेत मला 'टेप' म्हणतात. दातांचे डॉक्टर जिन्यात तक्रार करताना नाकातून कसे बोलतात, शाळा चालवणाऱ्या मॅडम फोनवर 'बघते, बघते' म्हणत काहीच कसं बघत नाहीत, सगळं येतं. पण कपडे बदलायच्या खोलीत फर्माईश एकाचीच व्हायची: बाई कर, बाई.

बाई म्हणजे आमच्या उजळणीच्या बाई. वय साठाला टेकलेलं, अंगावर वर्षभर तोच राखाडी सदरा, चष्म्याला दोरी. आमच्याकडे दरवर्षी विद्यार्थ्यांचा जो प्रयोग होतो, त्यात जुनीच नृत्यं करायची असतात. थोरल्या सरांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी बसवलेली. सर आता नाहीत. त्यांच्या काळातल्या कॅसेटला बुरशी लागली. बाईंकडे एक वही आहे, तिच्यात काडीमाणसं काढलेली आहेत, पण त्यांतलं कुठलं माणूस उडी मारतंय आणि कुठलं नुसतंच पातळ आहे हे फक्त बाईंना कळतं. म्हणजे ती नृत्यं खरी राहतात बाईंच्या अंगात. तिथून ती आमच्या अंगात उतरवायची.

आता अडचण अशी की बाईंचा डावा गुडघा वीस वर्षांपूर्वी कामातून गेला. त्या चालून दाखवतात तेव्हा डावं पाऊल केसभर उशिरा पडतं आणि कंबर एका बाजूला उचलते. म्हणून काहीही दाखवण्याआधी त्या ओरडतात, "गुडघा वजा!" म्हणजे मी दाखवतेय ते घ्या, माझा गुडघा तेवढा सोडून द्या. वर्षानुवर्षं पोरं असंच शिकत आलीत. बाई उणे गुडघा बरोबर नृत्य.

गेल्या वर्षी आम्ही 'रांग' करणार होतो. बाईंचं पहिलं नृत्य. एकोणिसाव्या वर्षी त्या टंकलेखनाच्या वर्गातून कार्यक्रमपत्रिकेचे कागद पोचवायला इथे आल्या, आणि त्याच दिवशी रांगेतल्या अकराव्या मुलीला गालगुंड झालेलं. सरांनी विचारलं, "तुम्हाला चालता येतं का?" बाई म्हणाल्या, "येतं की. चालतच आले." सर म्हणाले, "मग शेवटी उभ्या राहा." ही गोष्ट त्यांनी आम्हाला निदान बारा वेळा सांगितली आणि बाराही वेळा 'चालतच आले'वर स्वतःच आधी हसल्या.

'रांग'मध्ये अकरा जण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चालत जातात. कुणी पडतं, रांग जागा भरून काढते, पुढे चालते. एवढंच. सगळ्यात अवघड म्हणजे ते चालणंच, कारण ते अगदी साधं हवं. रंगमंचावर गेलं की माणसाला चालताच येत नाही, हे नाचणाऱ्यालाच कळेल.

मॅडमनी ठरवलं होतं की या वेळी तीन कॅमेरे लावून प्रयोगाचं चित्रीकरण करायचं आणि पुढच्या वर्षीपासून त्यावरूनच शिकवायचं. बाई निवृत्त होणार होत्या. बाई भांडल्या. "पडद्याला प्रश्न विचारता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "मला विचारा, मी एक पाऊल विसरलेय का चाळीस वर्षांत!" मॅडम म्हणाल्या, बघते, बघते.

मग बाईंची मोठी बहीण, अक्का, न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दोघीच राहतात. बाईंना सुट्टी घ्यावी लागली. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यात सगळं उतरलंय. तू पुढे राहा, तू घे त्यांची उजळणी."

अठरा दिवस. आणि त्याच आठवड्यात रांगेतली सात मुलं नवी आली, कारण जुन्यांच्या परीक्षा. या सातांनी बाईंना कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी दारातून बाई होऊनच आत आले. चष्म्याची दोरी म्हणून बुटाची नाडी. कंबर उचलत, डावा पाय ओढत, "पाच, सहा, सात, आऽऽ." माझ्या तिघी मैत्रिणी भिंतीला टेकून लोळायच्या बाकी होत्या. मी तशीच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालले, वळले, आणि आरशात बघितलं. माझ्यामागे सात पोरं अत्यंत गंभीर चेहऱ्याने लंगडत येत होती. सातही कंबरा एकाच वेळी वर.

मला इतकं हसू आलं की कठडा धरावा लागला. तिथेच दोन शब्द म्हणायचे होते. गुडघा वजा. म्हटले नाहीत. का, तर मजा येत होती. उद्या सांगू, असं म्हणून रोज मैत्रिणींना डोळा मारत राहिले.

चौथ्या दिवशी सांगायला गेले, तर सातांतली सगळ्यात लहान, 'चिमणी' म्हणतात तिला, म्हणाली, "पण ताई, आधी तर तुम्ही असंच दाखवलंत. मी घरी भांडी लावतानापण असंच चालते, सराव म्हणून." आता हिला काय सांगू, की मी एका म्हाताऱ्या बाईची टर उडवत होते? म्हटलं, "हो हो, तसंच. बाईंचीच चाल आहे ती." सात जण तसं चालतात म्हटल्यावर माझ्या मैत्रिणींनाही तसं चालावं लागलं. रांग म्हणजे रांग. मॅडम दोनदा डोकावल्या, पण आमच्या या आधुनिक प्रकारच्या नाचात कुणी धडपडलं तरी बघणाऱ्याला आधी वाटतं, तसंच असेल.

प्रयोग शनिवारी आणि रविवारी होते, चित्रीकरण रविवारी. बाई शुक्रवारी आल्या. नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसल्या. आम्ही पुरं 'रांग' केलं. संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"ही चाल कुणी दिली तुम्हाला?"

सातही जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "टेपताईने. तुमचीच आहे म्हणाली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जिभेवर वाक्य तयार ठेवलं होतं. पण त्याच आधी म्हणाल्या, "आहे खरी माझीच." मग अगदी हळू, "गुडघा वजा म्हणायचं राहिलं असेल गं माझ्याकडून. अक्काच्या गडबडीत."

मी म्हणाले, "हो बाई."

दोन शब्द. मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलत असते, हे दोन मात्र सर्वस्वी माझे होते.

त्या तडक मॅडमकडे गेल्या. मी विंगेत उभी होते, सगळं ऐकू आलं. "चूक माझी आहे. चाल चुकीची गेलीय मुलांच्यात." मॅडम प्रेमानेच म्हणाल्या, "असू दे हो. आता दोन दिवसांत काय बदलणार? म्हणून तर चित्रीकरण करतोय ना. माणूस म्हटलं की विसरणं आलंच." बाईंनी त्यावर भांडायला हवं होतं. त्या नुसत्या मान हलवून परतल्या.

शनिवारचा प्रयोग दणक्यात झाला, हे त्यातलं सगळ्यात वाईट. एक समीक्षक विंगेत येऊन बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्या डाव्या पावलातली घालमेल! जावं की थांबावं! ओहो!" (हे 'ओहो' मला येतं, पण मी ते अजून एकदाही केलेलं नाही.) बाई म्हणाल्या, "आभारी आहे," आणि बाजूला जाऊन वही उघडून बसल्या. मी पाण्याची बाटली घ्यायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. बोट एका काडीमाणसावर होतं.

"तिसऱ्या वळणात आपण डावीकडे बघतो ना गं? की उजवीकडे?"

"डावीकडे, बाई."

"नक्की ना? मला खात्री वाटेना." मग पान उलटलं. "आणि इथे?"

बाईंनी आजवर कधी कुणाला विचारलेलं नव्हतं. त्या सांगायच्या. आता एकेक पान घेऊन स्वतःलाच तपासत बसल्या होत्या, पहिल्या पानापासून.

रविवारी सकाळी आठला मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. पुढच्या खोलीत अक्का पलंगावर, पायाखाली उशांची चळत. अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज अजून पलीकडच्या गावाला जाईल असा. "कोण गं? ती नकलाकार पोर? ये ये! हाडांच्या डॉक्टरची करशील का? मी सांगते कसा बोलतो तो!"

बाई आतून आल्या, हातात चहाचं गाळणं. "इतक्या सकाळी? काय झालं?"

मी घरून पाठ करून आलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणाले, "तुम्ही विसरला नव्हता, बाई. मी तुमची नक्कल करत होते. त्या मुलांना वाटलं तेच नृत्य आहे. मी सांगितलं नाही."

बाईंनी गाळणं खाली ठेवलं.

"करून दाखव."

"बाई, नको ना."

"इथून खिडकीपर्यंत. मला बघायचंय."

मी केली. मनात अजिबात नसताना, आजवर कधी केली नसेल इतकी हुबेहूब. अंगाला सवयच होती. खिडकीशी पोचले तर अक्का उशीवर हसून हसून मागे पडल्या होत्या. "अगं बाई, अगदी तू! ती कंबर बघ! अगदी—" मग त्यांनी बहिणीचा चेहरा बघितला आणि पदराने डोळे टिपायला लागल्या.

"मी अशी चालते?" बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःला कधी बघितलंच नव्हतं. चाळीस वर्षं आरशासमोर उभं राहून त्या फक्त आम्हाला बघत होत्या.

"थोडंसंच," मी म्हणाले. तेही खोटं होतं.

त्या अक्काच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. बराच वेळ गुडघा चोळत होत्या. मग एकदम मान वर केली. "म्हणजे मी म्हणायचे ना? गुडघा वजा. न चुकता म्हणायचे?"

"प्रत्येक वेळी, बाई. एकदाही चुकला नाहीत."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे कानापासून खाली आले. लगेच म्हणाल्या, "ठीक नाहीये. पण ते वेगळं." उठून गाळणं उचललं. "अकराला सगळ्यांना शाळेत बोलाव. आणि मॅडमना तू सांगायचंस. माझ्या आवाजात नाही. तुझ्या."

मॅडमना सांगितलं. त्या पहिल्यांदाच 'बघते' म्हणाल्या नाहीत. काय म्हणाल्या ते मी इथे लिहीत नाही, करूनही दाखवत नाही.

अकराला पोरं आली तेव्हा बाई आधीच खुर्चीत बसलेल्या होत्या. मला नंतर कळलं की त्या साडेदहालाच येऊन बसल्या, म्हणजे त्यांना चालताना कुणी बघायला नको. पुऱ्या तीन तासांत त्या खुर्चीतून एकदाही उठल्या नाहीत. पाणीसुद्धा कुणाकडून मागवलं नाही. फक्त मोजत होत्या. दवाखाना बंद होता, तरी सवयीने एकदा 'हळू पडा' म्हणाल्याच.

मी सात जणांसमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. कुणी हसलं नाही. चिमणीने विचारलं, "मग मी भांडी लावताना करायचे, ते बाईंना चिडवणं होतं?" बाई खुर्चीतून म्हणाल्या, "तुझं नव्हतं. चल, उजवा पाय."

एकाच्या चालीतून अर्ध्या तासात गेलं, दोघांच्या तासाभरात. दोन वाजेपर्यंत चिमणीसुद्धा साधी चालायला लागली. दहाच्या दहा.

मी राहिले. ही पोरं अठरा दिवस तशी चालली होती, मी दोन वर्षं रोज कपडे बदलायच्या खोलीत चालत होते. डोक्याने 'वजा' म्हणायचे आणि डावं पाऊल केसभर उशिरा पडायचं. परत. परत. मी म्हणाले, "बाई, मला काढा रांगेतून."

"रांगेत अकरा लागतात," बाई म्हणाल्या. "आणि पहिलं कोण चालतं ते सगळ्यांना दिसतं. चाल तशीच."

संध्याकाळी तीन कॅमेऱ्यांसमोर आम्ही 'रांग' केलं. दहा जण साधे चालले.

चित्रीकरणाची तबकडी आता मॅडमच्या कपाटात आहे. बाई जायच्या दिवशी तिच्या डबीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवून गेल्या. टंकलेखन शिकलेल्या हाताचं ते छापल्यासारखं ठसठशीत अक्षर: 'शिकताना पहिल्या मुलीचा गुडघा वजा करावा.'

या वर्षीच्या पोरांना मॅडमनी पडदा लावून दिला तेव्हा मी मागे उभी होते. चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, हिच्या गुडघ्याला काय झालंय?"

मॅडमनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेले आणि सांगायला सुरुवात केली.